उजेडाची मात्रा

रंगीत कपडे उलटे करून सावलीत वाळत घालायचे, हा आमच्या घरचा कायदा. आई त्याचं कारण कधी सांगत नसे. एखादी अंजिरी साडी दोरीवर उन्हात राहून गेलीच, तर वर आलेला पट्टा तेवढा विटायचा आणि घडीच्या आतला भाग तसाच रसरशीत राहायचा. उन्हाने रंग खाल्ला, असं ती म्हणे. पण त्याआधी रंगाने ऊन खाल्लेलं असतं, हे मला फार उशिरा, कर्करोगाच्या एका उपचाराबद्दल वाचताना उमगलं. रंगद्रव्य काही उजेड गिळतं आणि उरलेला आपल्या डोळ्यांकडे धाडतं. आपण त्या उरलेल्यावर लुब्ध होतो. गिळलेल्याचं पुढे काय झालं, हे विचारत नाही.

हा प्रश्न म्युनिकमध्ये ऑस्कर राब नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्यापुढे आपसूक येऊन ठेपला. हेर्मान फॉन टापायनर यांच्या हाताखाली तो ॲक्रिडिन हे द्रव्य पॅरामीशियमला किती विषारी, हे तपासत होता. सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याचा एक थेंब, त्यात केसाळ कडा हलवत फिरणारे एकपेशीय जीव. द्रावण तेच, प्रमाण तेच. पण कधी ते भराभर मरत, कधी तासन्‌तास मजेत हिंडत. एका प्रयोगाच्या वेळी बाहेर वादळाने आभाळ अंधारून आलं होतं, असं सांगतात. फरक उजेडाचा होता. तेवढं ॲक्रिडिन अंधारात निरुपद्रवी, नुसता उजेडही निरुपद्रवी. दोन्ही एकत्र आले की मरण. १९०० साली राबने हे प्रसिद्ध केलं. १९०३ मध्ये टापायनर आणि त्वचारोगतज्ज्ञ येसिओनेक यांनी त्वचेच्या गाठींना इओसिन लावून त्यांवर उजेड पाडला. इओसिन म्हणजे लाल शाईत असायचा तो रंग. या कामाला प्राणवायूही लागतो, हे टापायनर यांच्याच प्रयोगशाळेत पुढे स्पष्ट झालं.

द्रव्य द्यावं आणि उन्हात बसवावं, ही रीत आपल्याकडच्या वैद्यांना मुळीच परकी नव्हती. कोडावर बावची देत आणि मग ऊन घ्यायला सांगत. बावचीतलं सोरालेन प्राणवायूवाचून, वेगळ्या वाटेने काम करतं, तेव्हा दोन्ही गोष्टी एकच असल्याचा दावा मी करणार नाही. पण औषधाला जागं करायला ऊन लागतं, हे ज्याने पहिल्यांदा ताडलं त्याची नजर राबइतकीच तीक्ष्ण असली पाहिजे.

उजेड गिळला की रंगाचा रेणू अस्वस्थ होतो आणि मिळालेली ऊर्जा शेजारच्या प्राणवायूच्या हवाली करून मोकळा होतो. एरवी आपण श्वासागणिक घेतो तो प्राणवायू मग एकाएकी आक्रस्ताळा बनतो. या रूपाला सिंगलेट ऑक्सिजन म्हणतात. पेशीत त्याचं आयुष्य फार तर काही मायक्रोसेकंदांचं. तेवढ्या अवधीत त्याला पेशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतही जाता येत नाही. जन्मला तिथेच जे हाताला लागेल ते जाळून तो संपतो. कर्करोगावरची बहुतेक औषधं अंगभर फिरून मारत सुटतात, आपलं-परकं पुरतं ओळखत नाहीत. इथे मात्र रंग, उजेड आणि प्राणवायू या तिघांची एका जागी गाठ पडली तरच घाव बसतो. एक जरी आला नाही, तरी बाकीचे दोघे स्वस्थ. इतकं संयमी विष दुसरं मला ठाऊक नाही.

अर्थात हा संयम उन्हात पडेपर्यंतच. १९१२ साली फ्रीडरिश मेयर-बेट्झ या जर्मन डॉक्टराने २०० मिलिग्रॅम हिमॅटोपोर्फिरिन स्वतःला टोचून घेतलं आणि उन्हाची परीक्षा पाहिली. त्याचे तेव्हाचे फोटो आहेत. चेहरा सुजून ओळखू न येण्याजोगा झालेला. उन्हाचं हे वैर पुढे सुमारे दोन महिने टिकलं. आणि हे हिमॅटोपोर्फिरिन काही परकं नव्हे, रक्तातलंच. रक्ताला तांबडं करणारं हीम आणि पानाला हिरवं करणारं क्लोरोफिल एकाच घराण्यातले. एकाच्या मध्यभागी लोह, दुसऱ्याच्या मॅग्नेशियम. हीममधलं लोह काढून घेतलं की घरातलंच हे द्रव्य उजेड दिसताच बिथरतं.

त्याच घराण्यातलं औषध अमेरिकेत बफेलोच्या रॉसवेल पार्कमध्ये थॉमस डॉहर्टी यांनी १९७०च्या दशकापासून चिकाटीने रुग्णांपर्यंत नेलं. फोटोफ्रिन हे त्याचं नाव. १९९३ मध्ये कॅनडाने मूत्राशयाच्या, तर १९९५ मध्ये अमेरिकेने अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी ते मान्य केलं. इंजेक्शन दिल्यावर ४० ते ५० तास थांबायचं. निरोगी भाग औषध बऱ्यापैकी सोडून देतात, गाठ धरून ठेवते. मग दुर्बिणीतून बारीक तंतू आत सरकवून ६३० नॅनोमीटरचा लाल उजेड थेट गाठीवर सोडायचा. लालच का, तर निळा-हिरवा उजेड रक्तच वाटेत पिऊन टाकतं. लालही जेमतेम काही मिलिमीटर आत पोचतो. शरीर आतून किती काळोखं असतं, हे अशा वेळी कळतं. खोल रुजलेल्या मोठ्या गाठीपुढे हा उपाय म्हणून तोकडा पडतो.

घरी जाताना रुग्णाला बजावलं जातं: निदान ३० दिवस ऊन टाळा. पूर्ण बाह्या, टोपी, काळा चष्मा. उन्हाची क्रीम इथे उपयोगाची नाही, कारण ती अतिनील किरण अडवते आणि हे औषध साध्या दिसणाऱ्या उजेडानेही चेततं. एवढं ऐकल्यावर काळजीपोटी घरचे खिडक्यांना जाड पडदे लावतील, दिवे मालवतील, आणि नेमकं तेच करायचं नसतं. मिट्ट अंधारात बसलं तर त्वचेतलं औषध तसंच दबा धरून राहतं. घरातल्या सौम्य उजेडात ते हळूहळू खर्ची पडतं. म्हणून घरच्यांना समजावून सांगावं लागतं, की मज्जाव उन्हाला आहे, डोक्यावरच्या प्रखर दिव्याला आहे. खोलीतला साधा दिवा खुशाल लावा. तोही औषधातच धरलेला आहे.