बोथट तलवार

जुन्या, विक्षिप्त सचेतनपटांच्या शोधात हिंडणारा संग्राहक पुष्कळांना केवळ छांदिष्ट वाटतो. दुर्मिळतेच्या मोहाने तो सुमार कृतीही जपतो, हा आक्षेप अगदीच निराधार नव्हे. तथापि जुन-इची कोउची यांच्या ‘नामाकुरा-गाताना’ या १९१७ च्या जपानी लघुपटाची हकीकत या संदर्भात विचारात घेण्यासारखी आहे.

कथा अवघ्या काही मिनिटांची. बोथट तलवार गळ्यात पडलेला सामुराई तिची धार वाटसरूंवर पाहू जातो आणि स्वतःच फजीत होतो. अशा थट्टेला जतन करण्याजोगी कला कोण मानणार? चित्रगृहांतील खेळ संपले की त्या काळच्या फितींचे तुकडे घरगुती, खेळण्यातल्या प्रक्षेपकांसाठी विकले जात. १९२३ च्या भूकंपात तोक्योतील कितीतरी फिती नष्ट झाल्या. हा लघुपटही गेलाच, अशी समजूत होती. पुढे ओसाकातील जुन्या वस्तूंच्या बाजारात त्याची प्रत एका अभ्यासकाच्या हाती लागली आणि २००८ साली ती प्रकाशात आली. दादासाहेब फाळके यांच्या ‘आगकाड्यांची मौज’ या सचेतनपटाला असा कोणी भेटला नाही. त्याचे आज नाव तेवढे उरले आहे.

संग्राहक दुर्मिळतेवर लुब्ध असतो खरा. परंतु ती दुर्मिळता इतरांच्या उपेक्षेतून आलेली असते. २०१७ साली जपानच्या राष्ट्रीय चित्रपट केंद्राने कोउचींचा लघुपट सर्वांना पाहण्यास खुला केला. त्याची दुर्मिळता तेथे संपली, आणि छंदाचे ऋण समाजाच्या पदरी राहिले.