तासिका तत्त्वावर

नारायणगावच्या एस.टी. स्थानकावरून सकाळी आमच्या संसाराच्या दोन गाड्या सुटतात. एक जुन्नरकडे जाते, दुसरी कळंबवरून मंचरकडे. आमच्यापैकी एकजण पहिलीत बसतो, एकजण दुसरीत. दोघांचाही विषय मराठी, दोघांचेही एम.ए. पुणे विद्यापीठाचे, दोघेही सेट उत्तीर्ण, आणि चाळिशी ओलांडल्यानंतरही दोघे तासिका तत्त्वावर. या लेखात 'आम्ही' हे सर्वनाम आदरार्थी नाही, ते खरोखरीचे अनेकवचन आहे, एवढा व्याकरणाचा खुलासा आधीच केलेला बरा.

तासिका तत्त्व म्हणजे काय, हे येथील बहुतेक वाचकांना सांगण्याची गरज नाही. काहींनी ते भोगले असेल, काहींना ते नाइलाजाने इतरांना भोगायला लावावे लागले असेल. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जूनमध्ये आम्ही बेकार असतो. जुलै-ऑगस्टमध्ये मुलाखत होते, त्याच वर्गात, त्याच पुस्तकांवर, पुष्कळदा त्याच परीक्षकांसमोर, आणि दरवर्षी आम्हाला नव्याने विचारले जाते की आपला अनुभव किती. मग आठवड्याला नऊ तासिका मिळतात. मार्चअखेर आम्ही पुन्हा कुणीच नसतो. दिवाळीची सुट्टी आली की तास नाहीत, आणि तास नाहीत म्हणजे पैसे नाहीत. त्यामुळे ज्या महिन्यात घरात फराळ व्हावा त्याच महिन्याचे बिल सर्वांत लहान. २०१८ मध्ये तासाचा दर पाचशे रुपये झाला, २०२३ मध्ये तो हजारावर गेला. हजार हा आकडा ऐकून नातेवाईक खूश होतात. ते मनातल्या मनात त्याला दिवसाच्या आठ तासांनी आणि महिन्याच्या तीस दिवसांनी गुणतात. आम्ही छत्तीसने गुणतो, तेही सलग महिना मिळाला तर. आणि ते पैसे महिन्याच्या महिन्याला येत नाहीत हे किराणा दुकानदाराला समजावणे हा वेगळाच पाठ आहे.

कायम पदाची वाट पाहण्याचा आमचा इतिहास शासननिर्णयांच्या भाषेत लिहिता येईल. २०१७ मध्ये भरतीवर बंदी आली. २०१८ मध्ये राज्यात सहायक प्राध्यापकांची ३५८० पदे भरायला मान्यता मिळाली, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून पेढे आणले होते, हे आता सांगताना संकोच वाटतो. २०२० मध्ये करोनामुळे पुन्हा बंदी. २०२१ मध्ये २०८८ पदांना मान्यता. या प्रत्येक लाटेत जाहिराती येत, आम्ही अर्ज भरत असू. अर्ज म्हणजे एक कागद नव्हे. गुणपत्रकांच्या साक्षांकित प्रती, शोधनिबंधांच्या प्रती, अनुभवाची पत्रे, धनाकर्ष, एक संच संस्थेला, एक विद्यापीठाच्या आरक्षण कक्षाला. नारायणगावच्या झेरॉक्सवाल्याने एकदा सहज विचारले, "सर, तुमचं दोघांचं काही कोर्टाचं काम चालू आहे का?" आम्ही 'हो' म्हणालो. ते सोपे पडले.

मुलाखतीला बाहेरच्या जिल्ह्यांतही गेलो. एका ठिकाणी (जिल्हा सांगत नाही, संस्थाही नाही) मुलाखत उत्तम झाली. प्रश्न नवकथेवर होते, नंतर एक गृहस्थ आम्हाला व्हरांड्यात घेऊन गेले आणि त्यांनी एक आकडा सांगितला. तो आकडा आमच्या गावाकडची जमीन विकूनही पुरा झाला नसता; आणि जमीन एकट्याची नव्हतीच. परतीच्या गाडीत आम्ही त्या आकड्याविषयी एक शब्दही बोललो नाही. पोटात अपमान होता हे खरे, पण त्याहून लाजिरवाणी गोष्ट अशी की दोघेही मनात बेरीज करत होतो: दागिने किती, उसने किती. हे एकमेकांना कबूल करायला आम्हाला वर्ष लागले.

नेमाड्यांची 'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल' ही मालिका आम्ही विद्यार्थी असताना झपाटल्यासारखी वाचली होती. चांगदेव पाटील या गावाहून त्या गावी, या कॉलेजातून त्या कॉलेजात हिंडतो, तेथील राजकारण, क्षुद्रपणा, भाड्याच्या खोल्या पाहतो. तेव्हा आम्हाला तो आमचा नायक वाटे. आज शिकवताना एक वेगळीच गोष्ट डोळ्यांत भरते: चांगदेव नोकऱ्या सोडतो. सोडण्यासाठी त्याच्या हातात नोकरी असते! सत्तरच्या दशकातील त्या कादंबऱ्यांतले वैफल्य खोटे नाही, पण ते कायमपदाच्या शक्यतेवर उभे असलेले वैफल्य आहे. आमच्या वर्गातल्या मुलांना हे सांगावे असे वाटते. सांगत मात्र नाही, कारण मग त्यांना आमच्याविषयी सांगावे लागेल.

आमच्या गावात आमच्या स्थितीला जवळचा धंदा प्राध्यापकीचा नाही, तमाशाचा आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी जत्रेसाठी सुपारी द्यायला येतात, राहुटीत बसतात, चहा होतो, रक्कम ठरते. नेमका तेव्हाच आमचा हंगाम संपलेला असतो. संध्याकाळी त्या राहुट्यांवरून जाताना आमच्यापैकी एकजण म्हणाला होता, "यांना निदान उचल तरी मिळते." हा विनोद होता, पण निर्दोष नव्हता. त्या कलावंतांची उचल म्हणजे वर्षभर गळ्यात पडणारे कर्ज असते हे विठाबाईंच्या गावात राहून आम्हाला माहीत असायला हवे. आपले दुःख मोजताना दुसऱ्याचे मापात मारण्याची खोड साहित्याच्या माणसांना थोडी अधिकच असते.

टोमॅटोचेही असेच झाले. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या उपबाजारात वीस किलोचे कॅरेट दोन हजारांच्या वर गेले. वर्तमानपत्रांत जुन्नरच्या शेतकऱ्यांच्या कोटीच्या कथा आल्या. थोरल्या दादांनी पुढच्या तोडणीसाठी लागवड केली होती, औषधाला पैसे हवे होते, आणि आमच्याकडे थकीत मानधनाची रक्कम एकदम जमा झालेली होती. आम्ही ती दिली. दिली म्हणजे मदत केली असे नाही. आम्हालाही वाटा हवा होता. माल निघेपर्यंत सप्टेंबर उजाडला आणि भाव इतका कोसळला की कॅरेटचे आणि गाडीचे भाडे जाऊन हाती काही राहीना. दादांनी शेवटची तोडणी केलीच नाही. बांधाकडेला लाल चिखल झाला. आम्ही गप्प उभे होतो. दादा म्हणाले, "तुमचं बरंय रे, तुमचा भाव निदान सरकार तरी ठरवतं." त्या वाक्यात टोमणा नव्हता. ते खरोखरच आमचा हेवा करत होते. त्या पैशांतून मुलीच्या आजीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन व्हायचे होते. ते पुढे सहा महिन्यांनी झाले.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतले तिच्याकडे येतो.

आंबेगावच्या वर्गात पश्चिमेकडून, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाने येणारी मुले असतात. ज्या आंबेगावचे नाव तालुक्याला आहे ते जुने गाव धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. त्या बाजूच्या महादेव कोळी घरातली एक मुलगी तीन वर्षे आमच्यापैकी एकीची विद्यार्थिनी होती. ऐन परीक्षेच्या तोंडावर ती दिसेनाशी व्हायची आणि परतली की सांगायची, "मॅडम, बाळहिरडा वेचायला होते." जून २०२० च्या निसर्ग वादळात त्यांची बरीच झाडे मोडली होती, त्यामुळे उरलेल्या झाडांवर घरातले सगळेच लागत. वर्गात तिने गाथासप्तशतीवर एक टिपण लिहिले. गाथांतली शेते, रानवाटा, शेजारणी तिला अभ्यासाचा विषय वाटलेच नाहीत, ओळखीच्या वाटल्या. आम्ही ते टिपण रात्री घरी मोठ्याने वाचले. गेल्या अनेक वर्षांत कुठल्याही मुलाखतीनंतर झाला नसेल असा आनंद त्या रात्री झाला.

मग ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. घटस्थापनेचा दिवस. दोन्हीकडे कार्यक्रम ठरले, दोघांनाही भाषणे सांगण्यात आली; तासिका तत्त्वावरच्या माणसाला भाषणासाठी तास लागत नाही. आम्ही दोघेही नाणेघाटावर बोललो. अभिजाततेच्या पुराव्यांत ज्या लेखाचा हवाला दिला जातो, 'महारठिनो' हा शब्द ज्यात आहे, तो सातवाहनांचा ब्राह्मी लेख आमच्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला आहे. विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही तेथे अनेकदा गेलो आहोत. मुले बाहेरच्या जकातीच्या दगडी रांजणाभोवती फोटो काढतात. आत भिंतीवर यज्ञांची यादी आणि दक्षिणेचा हिशेब आहे: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण, हजारांत. मराठी मुलखातला इतका जुना लेख, आणि त्याचा मोठा भाग मानधनाचा तपशील! हे वाक्य भाषणात घेतले नाही. जुन्नरच्याच लेण्यांत धान्यविक्यांच्या श्रेणीने दिलेल्या दानाचा उल्लेख आहे, तो मात्र घेतला. टाळ्या तेथेच पडल्या, समोर बाजार समितीचे पाहुणे होते.

कार्यक्रमानंतर ती मुलगी आली आणि विचारले, "मॅडम, मी मराठीत एम.ए. करू का?"

त्या रात्री आमचे भांडण झाले. एकजण म्हणाला, तिला बी.एड. करायला सांग, नाहीतर सरळ पोलीस भरतीची तयारी. आपण ज्या खड्ड्यात आहोत त्यात मुलांना ओढण्याचा आपल्याला अधिकार नाही. दुसरीचे म्हणणे असे की मग आपण वर्गात रोज काय विकतो? ज्या वस्तूवर आपलाच विश्वास नाही ती आदिवासी मुलीपुढे तीन वर्षे मांडली, आणि तिने घ्यायला हात पुढे केला तेव्हा दुकान बंद? आवाज वाढले. मुलगी जागी झाली, तिने दार लावून घेतले. खरे तर आम्ही त्या विद्यार्थिनीविषयी बोलतच नव्हतो. वीस वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या आवारात आपण घेतलेला निर्णय चुकला की नाही, एवढाच तो प्रश्न होता, आणि तो इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांना कधी विचारला नव्हता. उत्तर त्या रात्रीही दिले नाही.

२०२५ च्या जुलैत अभ्यासक्रमाची नवी मांडणी आली, तासांची फेरवाटणी झाली आणि आंबेगावच्या बाजूच्या नऊ तासिका राहिल्या नाहीत. कुणी काढले नाही. कार्यभारच उरला नाही, असे सांगण्यात आले, आणि सांगणाऱ्यालाही ते आवडले नव्हते. सध्या आमच्यापैकी एकच गाडी पकडतो. दुसरी घरी दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते, मराठीच्या नव्हे. मराठीला शिकवणी कोण लावतो. इंग्रजी व्याकरणाची.

ऑगस्टच्या एका रविवारी ती विद्यार्थिनी पत्ता शोधत घरी आली. तिने दोन्ही अर्ज भरले होते, बी.एड.चाही आणि एम.ए.चाही, आणि यादी कशाची आधी लागेल याची वाट पाहत होती. तिला स. आ. जोगळेकरांची गाथासप्तशती हवी होती. आमच्याकडे एक जुनी प्रत आहे, बांधणी सुटलेली, दोघांच्याही समासटिपा असलेली; लग्नाआधी ती आमच्यात फिरत असे. देताना आमच्यापैकी एकाने आतली एक चिठ्ठी घाईने काढून घेतली. बाहेर पाऊस धरलेला होता, वर भीमाशंकरच्या बाजूला तर विचारायलाच नको. तिने पिशवीतली खताची प्लॅस्टिकची गोणी काढली, पुस्तक तिच्यात दोनदा गुंडाळले आणि चारच्या गाडीला निघाली.