बिऱ्हाड आपलं, रंग मालकाचा

मैत्रिणींनो, घर सजवण्याबद्दलचे लेख आपण सगळ्याच हौसेने वाचतो. भिंतीला अमुक रंग द्या, खाली तमुक फरशी बसवा, पडदे त्याला साजेसे निवडा. वाचायला फार छान वाटतं. पण जिच्या घराची भिंत दुसऱ्याची, फरशी दुसऱ्याची आणि साधा खिळा ठोकायचा तरी परवानगी दुसऱ्याची, तिने काय करावं? आपल्या नाशकात अशा बिऱ्हाडकरणी काय थोड्या आहेत? कुणाचे यजमान सातपूरला, कुणाचे अंबडला, कुणाचे ओझरला. अकरा महिन्यांचा करार संपत आला की पुन्हा खोकी गोळा करायची आणि भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायची. आजचं हे हितगुज खास त्या मैत्रिणींसाठी.

आमचं हे नऊ वर्षांतलं चौथं बिऱ्हाड. आमचे हे अंबडच्या एका कारखान्यात, मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते आणि चिरंजीव आहेत तिसरीत. सिडकोतली ही जागा मिळाली तेव्हा आम्ही खूश होतो. वारा उजेड भरपूर, शाळा पायी जाण्याइतकी जवळ, भाडं आवाक्यातलं. खोट एकच. आतल्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लालभडक कार्पेट! कार्पेट म्हणजे लोकरीचं, गुबगुबीत असं काही डोळ्यांपुढे आणू नका हं. दुकानात रोलमध्ये मिळतं ना, प्लॅस्टिकचं, तेच. खालची शहाबादी फरशी जागोजाग फुटलेली. ती बदलण्याऐवजी घरमालकांनी वरून हे चिकटवून दिलं होतं. किल्ली देतानाच म्हणाले, "नवं आहे, काढायचं नाही. फाटलं तर डिपॉझिटमधून कापून घेईन."

एरवी मी म्हटलं असतं, जाऊ दे, अकरा महिन्यांचा तर प्रश्न. आपण सगळ्या असंच म्हणतो, नाही का? "स्वतःचं घर झालं की बघू." लग्नात आलेला टी-सेट खोक्यात, चांगल्या चादरी ट्रंकेत, आणि आपण वर्षानुवर्षं जुन्या चादरींवर. पण या वेळी त्या खोलीत राहायला सासूबाई येणार होत्या. मामंजी जाऊन अकरा वर्षं झाली. निफाड तालुक्यातल्या घरी त्या एकट्याच असायच्या. मोतीबिंदूचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचं होतं, म्हणून यांनी आग्रहाने त्यांना आणायचं ठरवलं.

त्या आल्या, खोलीच्या दारात उभ्या राहिल्या आणि हसून म्हणाल्या, "अगं, या डोळ्याने बघितलं तर कुंकू दिसतंय आणि त्या डोळ्याने बघितलं तर वीट!" त्यात तथ्यही होतं. मोतीबिंदूमुळे डोळ्यातलं भिंग पिवळट-तपकिरी होतं, त्यातून सगळे रंग मळके दिसतात. नवं भिंग बसलं की तेच रंग एकदम लखलखीत होतात. आम्हीही हसलो. पण दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की आई खोलीत मधून चालतच नाहीत. भिंतीच्या कडेकडेने, कपाटाला हात लावत पलंगापर्यंत जातात. मला वाटलं नजर ठरत नसेल. विचारलं, तर म्हणाल्या, "कुंकवाच्या रंगावर पाय कसा ठेवू गं? तुझं ठीक आहे. माझं तसं नाही."

काय बोलणार? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. मी हे वर्गात मुलांना शिकवते. पण परिपत्रक निघालं म्हणून मनातली गोष्ट एका दिवसात निघते थोडीच! तेव्हा त्यांना उपदेश करण्यापेक्षा खोलीचंच काहीतरी करायचं, असं मी ठरवलं. घरमालकांना विचारून पाहिलं, त्यांनी साफ नाही म्हटलं. म्हणजे रंग तोच राहणार. बदलायचं ते त्याच्या आजूबाजूचं.

समोरच्या वहिनींनी सुचवलं, "हिरवे पडदे लावा, म्हणजे लाल दबेल." पडदे शिवायच्या आधी मी आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो, एलिमेंटरीच्या परीक्षेला बसणारी पोरंसुद्धा रंगचक्र शिकतात. लालच्या बरोबर समोर हिरवा. समोरासमोरचे रंग शेजारी ठेवले की एकमेकांना दाबत नाहीत, दुप्पट उठाव देतात." आणि खरंच की! जास्वंदीचं फूल हिरव्या पानातच किती लाल दिसतं. बाजारात टोमॅटोशेजारी कोथिंबिरीच्या जुड्या मांडल्या की टोमॅटो कसे उठून दिसतात!

या बाबतीत बाईंनी एक मजेदार गोष्ट सांगितली. पॅरिसमध्ये गोबेलां नावाची भिंतीवरचे विणलेले पडदे करणारी प्रसिद्ध विणकामशाळा आहे. १८२४ साली शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ तिथे रंगाईचे प्रमुख झाले. तिथे तक्रार होती की काळी लोकर पुरेशी काळी दिसत नाही. शेव्रल यांनी तपासलं तर रंगात काही दोष नव्हता. दोष होता शेजाऱ्याचा! काळ्याच्या बाजूला जे रंग विणले जात, त्यांच्यामुळे तो फिका वाटे. त्यावर त्यांनी १८३९ मध्ये मोठा ग्रंथच लिहिला. सार एवढंच, की कुठलाही रंग आपल्याला एकटा दिसत नाही, शेजाऱ्यासकट दिसतो.

मग मी तीन गोष्टी ठरवल्या. त्या तुम्हालाही उपयोगी पडतील. तुमच्याकडे लालऐवजी निळं कार्पेट असो, पोपटी भिंत असो की चॉकलेटी टाइल्स असोत.

पहिली गोष्ट, नकोसा रंग दिसतो तेवढाच कमी करा. आम्ही दारापासून पलंगापर्यंत सात फूट लांबीची पांढरी-करडी सुती सतरंजी घातली. आईंना पाय ठेवायला वाट झाली आणि लाल रंगाचे सरळ दोन तुकडे झाले. सतरंजी सरकू नये म्हणून तिचं एक टोक पलंगाच्या पायाखाली दाबलं आणि दाराकडच्या टोकाला कपड्यावर चालणारी दुहेरी चिकटपट्टी लावली. वयस्क माणूस घरात असेल तर यात अजिबात कसूर करू नका.

दुसरी गोष्ट, विरोधी रंगाऐवजी शांत रंग आणा. मी मांजरपाट आणलं. धुतलेलं पांढरंशुभ्र नव्हे, कोरं, दुधाच्या सायीच्या रंगाचं. हिशेब असा. आमची खिडकी चार फूट रुंद आणि चार फूट उंच. पडद्याला चुण्या छान पडायच्या तर कापड खिडकीच्या दीडपट ते दुप्पट रुंद हवं. मांजरपाटाचा पन्हा छत्तीस इंच, म्हणजे दोन पन्हे घेतले की सहा फूट झाले. उंचीला शिवण आणि आटणं धरून पाच फूट. एकूण सव्वातीन मीटर कापड पुरलं. मात्र कोरं मांजरपाट आटतं, तेव्हा शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कात्री लावा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नकोशा रंगाला खोलीत एकटं ठेवू नका. पाहुणा एकटा असला की अवघडून बसतो, दोन नातेवाईक भेटले की रुळतो. लाल रंग जमिनीवर तेवढा आणि बाकी कुठेच नाही, तर तो ओरडतो. तोच रंग पडद्याच्या काठाला, उशीच्या कडेला थोडा थोडा दिसला की मुद्दाम आणल्यासारखा वाटतो. मी तशी लाल पट्टी आणायला मेन रोडला जायला निघाले होते. आईंनी विचारलं, "कशाला?" मी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी घरी आले तर त्यांनी स्वतःची ट्रंक उघडली होती आणि पलंगावर एक निळी नऊवारी इरकल होती, रुंद लाल काठांची. मामंजींनी घेतलेली. अकरा वर्षं घडी मोडली नव्हती.

"नेसायची तर मला नाही आता," त्या म्हणाल्या. "पण कापायला काय हरकत आहे?"

मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं असतं तर रागावल्या असत्या. काठ त्यांनी स्वतःच उसवून दिले, चष्मा सावरत, दोन दुपारी बसून. नऊवारीचे दोन्ही काठ मिळून जवळजवळ सोळा मीटर पट्टी निघते. दोन पडद्यांना, चार उशांना आणि टेबलक्लॉथला पुरून उरली. मधल्या निळ्या अंगाची गोधडी करायला घेतली आहे. ती त्यांच्याच पलंगावर असणार. या सगळ्याला मिळून खर्च आला १,२६० रुपये, त्यात सतरंजीच निम्म्याहून जास्त. परवा शाळेतून आले तेव्हा आई त्या लाल कार्पेटवर ऐसपैस मांडी घालून मेथी निवडत होत्या. सतरंजी तीन फुटांवर होती. मी काही बोलले नाही. चहा टाकला.

आता थोडं दिव्याबद्दल. लाल रंगाची एक खोड आहे. तिन्हीसांजेला उजेड कमी झाला की आपल्या डोळ्यांना लाल रंग सर्वांत आधी काळा दिसू लागतो, निळा-हिरवा मात्र बराच वेळ दिसत राहतो. याला शास्त्रात पुर्किंजे परिणाम म्हणतात. रात्री उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला गडद लाल जमीन खड्ड्यासारखी वाटू शकते. म्हणून पलंगाजवळ, जमिनीपासून फार उंच नाही असा छोटा दिवा रात्रभर ठेवा. बल्ब घेताना खोक्यावरचा आकडा बघा. ६५०० के लिहिलेला बल्ब निळसर पांढरा उजेड देतो, त्यात लाल रंग थंड, काळपट दिसतो. २७०० किंवा ३००० के लिहिलेला पिवळसर असतो, त्यात तोच रंग उबदार दिसतो. आणि एक फायदाही सांगते. गडद जमिनीवर फिकी चादर असली की पलंगाची कड अधू नजरेलाही स्पष्ट कळते. बसताना अंदाज चुकत नाही.

प्लॅस्टिकच्या कार्पेटची निगाही सोपी आहे, पण काही पथ्यं पाळा. त्यावर रबराच्या तळाचं पायपुसणं ठेवू नका. रबरातल्या रसायनांनी पिवळट डाग पडतो, तो काही केल्या निघत नाही आणि डिपॉझिटवर येतो. अ‍ॅसिड, रॉकेल यांपासून दूर ठेवा. साध्या साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून घट्ट पिळून पुसा. पावसाळ्यात पाणी सांध्यांतून खाली गेलं की कडा सुटतात आणि कुबट वास येतो, तेव्हा पुसल्यावर पंधरा मिनिटं पंखा लावा. पलंग-कपाटाच्या पायांखाली जाड कापडाच्या घड्या ठेवा.

शेवटी व्यवहाराचं बोलू या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यानुसार भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असलाच पाहिजे आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. तेव्हा "कागद कशाला, घरचेच आहात" असं कुणी म्हणालं तरी गोड हसून कागद मागा. राहायला जाल त्या दिवशी सामान लावण्याआधी प्रत्येक खोलीचे, जमिनीचे, आधीच्या डागांचे, सुटलेल्या कडांचे फोटो काढा आणि त्याच दिवशी मालकांना मोबाइलवर पाठवा. तारीख आपोआप राहते. पुढे जाताना भांडण नको.

आणि खोकी मात्र सगळी उघडा. मुलाचं तिसरीचं वर्ष याच भाड्याच्या घरात जाणार आहे, ते पुढच्या घरात परत मिळणार नाही. टी-सेट बाहेर काढा, चांगली चादर अंथरा. भिंतीला हात न लावता केलेली सजावट बिऱ्हाडाबरोबर गुंडाळून नेता येते. आमचे हे पडदे पुढच्या खिडकीला आखूड पडले तर खाली आणखी एक काठ जोडायचा, एवढंच. पट्टी अजून शिल्लक आहे.

तुमच्या वाट्याला कुठला नकोसा रंग आला आणि त्याला तुम्ही कसं आपलंसं केलंत, ते जरूर लिहा हं.