सॉरी

ऑक्टोबर संपत आला की डेट्रॉईटजवळच्या नोव्हायमध्ये सकाळी आठच्या सुमाराला कुठे उजाडतं. एकाच घड्याळावर चालणाऱ्या या पूर्व पट्ट्यात मिशिगन पार पश्चिमेच्या टोकाला. न्यूयॉर्कला ऊन पडतं तेव्हा आमच्या खिडकीत अजून रात्रच असते. गावाकडे हे काकडआरतीचे दिवस. इथे त्याच काळोखात दप्तरं पाठीला लावून मुलं रस्त्याकडेला बसची वाट बघत उभी असतात.

साताऱ्याहून आई आली होती. पहिल्याच सकाळी ती बॅटरी घेऊन नातवाबरोबर खाली उतरली. पिवळी बस आली, तांबडे दिवे लुकलुकले, बाजूची थांब्याची पाटी उघडली आणि पुढच्या-मागच्या सगळ्या गाड्या जागच्या जागी थबकल्या. अशा बसपासून किमान 20 फूट लांब थांबायचं, असा इथला कायदा आहे. आई हात जोडल्यासारखी उभी राहिली. "पालखीला वाट द्यावी तसे थांबले गं सगळे!"

मला अभिमान वाटला. चार दिवसच टिकला तो.

टेन माईल रोडकडे जाताना एका सिग्नलला मला उजवीकडे वळायचं होतं. लाल दिवा असला तरी इथे थांबून, रस्ता मोकळा बघून उजवीकडे वळता येतं. गाड्या डावीकडून येतात, म्हणून मी डावीकडे बघत होते. फट सापडली, पाय ब्रेकवरून उचलला. त्याच क्षणी उजवीकडून सायकलवर एक मुलगा समोर आला. दहा-अकरा वर्षांचा असेल. पादचाऱ्यांचा पांढरा दिवा त्याच्यासाठीच लागलेला होता. मी ब्रेक दाबला. त्याचं चाक आणि माझा बंपर यांच्यात वीतभर अंतर राहिलं.

तो मान खाली घालून म्हणाला, "सॉरी."

घरी येऊन सांगितलं तर आई ओरडली नाही. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण सॉरी त्यानं का म्हणायचं?"

त्या प्रश्नाला मी अजून उत्तर देते आहे. आम्ही पालक मुलांना काय काय शिकवतो: चमकणारी पट्टी लाव, हेल्मेट घाल, दिवा लाव, उजळ जाकीट घाल. दिसत राहा, हे सगळं मुलांवर. आणि बघायचं कुणी? दोन टनांची गाडी माझ्या हातात होती आणि मी फक्त मला जे धडकू शकेल तिकडेच बघत होते. माझ्यामुळे कुणाला लागेल, तिकडे मान वळलीच नाही. आता उजवीकडे वळताना मी पूर्ण थांबते, दोन्हीकडे बघते, मागच्यानं कितीही हॉर्न वाजवला तरी.

मोठे रस्ते इथे मैला-मैलावर आखलेले, सरळसोट, म्हणून वेगही चाळीस-पंचेचाळीस मैल. पंचेचाळीसला गाडी एका सेकंदात 66 फूट जाते. अमेरिकेतल्याच एका अभ्यासात दिसलं की ताशी 23 मैलांनी धडक बसली तर पायी चालणारं साधारण दहातलं एक माणूस दगावतं, 42 मैलांना निम्मी. त्यात मूल म्हणजे बॉनेटच्या उंचीएवढं. वेग कमी ठेवणं ही इथे माझ्या पायातली सर्वांत मोठी दया आहे.

या डेट्रॉईटच्या परिसरानेच रस्त्याला शिस्त लावली. 1911 साली इथल्या वेन काउंटीत एका रस्त्याच्या मधोमध रेघ ओढली गेली, येणारे-जाणारे वेगळे करणारी. ती कल्पना ज्याची, तो एडवर्ड हाइन्स. चांगल्या रस्त्यांसाठी झगडणारा सायकलस्वार. त्याच्या नावाचा हाइन्स ड्राइव्ह आमच्या शेजारच्या नॉर्थव्हिलपासून निघतो. उन्हाळ्यात शनिवारी त्याचा काही भाग गाड्यांना बंद असतो.

आई परत गेल्यावर जूनमधल्या एका शनिवारी मी मुलाला तिथे नेलं. झाडांच्या सावलीत सगळा रस्ता रिकामा. कुणी स्केट्सवर, कुणी बाळाची गाडी ढकलत. मुलगा मधल्या पिवळ्या रेघेवर सायकल घेऊन गेला, तोल सांभाळत, नंतर हात सोडून. "कडेनं चालव," माझ्या ओठांशी आलं. मी ते गिळलं आणि त्याच्याकडे बघत उभी राहिले.