पुढचे रशियन पुस्तक कोणते?

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी वाचनाविषयी काही लिहावे, असे संपादक मंडळाने कळविले. बाबासाहेबांच्या अनुयायांना ग्रंथांचे महत्त्व नव्याने पटवून देण्याची गरज नाही. ज्या महापुरुषाने दादरला 'राजगृह' बांधताना ग्रंथांच्या निवाऱ्याचा विचार आधी केला, त्याच्या वारसांना 'वाचा' असे सांगणे म्हणजे पुनरुक्तीच होय. आज आपल्यापुढे निराळा प्रश्न आहे. वेळ थोडा आणि ग्रंथ अगणित असताना कोणता ग्रंथ हाती घ्यावा, आणि तो कोणत्या कसोटीवर निवडावा? गेल्या काही महिन्यांत आमच्या वाचनमंडळात याच प्रश्नावर जी चर्चा झाली, ती येथे मांडण्याचा विचार आहे.

नवी मुंबईतील आमच्या वसाहतीत एक लहानसे बुद्ध विहार आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात तेथे इतर विहारांप्रमाणेच 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. एका वर्षी ग्रंथसमाप्ती झाल्यावर काही उपासकांनी विचारले, "आता पुढच्या वर्षावासापर्यंत आम्ही काय करायचे?" त्या प्रश्नातून आमचे मंडळ जन्माला आले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यात आयुष्य घालविलेले एक काका, रुग्णालयात परिचारिका असलेल्या एक ताई, ऐरोलीच्या संगणक कंपनीत नोकरी करणारा एक तरुण, कायद्याचे शिक्षण घेणारी एक मुलगी, चार-पाच गृहिणी आणि इतिहास शिकविणारी मी, असे आम्ही महिन्यातून एका रविवारी जमतो.

रशियन साहित्याकडे आम्हांला नेले ते अण्णाभाऊ साठे यांनी. शाळेत जेमतेम दीड-दोन दिवस बसलेला हा माणूस १९६१ साली सोव्हिएत रशियाला गेला आणि परतल्यावर त्याने 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. स्टालिनग्राडचा पोवाडा तर त्याने त्याच्या कितीतरी आधीच रचला होता. ज्याने 'फकिरा' ही कादंबरी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली, त्यालाच लोक महाराष्ट्राचा गॉर्की म्हणू लागले. २०२२ साली मॉस्कोतील परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णाभाऊंचा पुतळा बसविण्यात आला, तेव्हा आमच्या मंडळात विशेष आनंद झाला. त्याच वेळी एका ताईंनी विचारले, "अण्णाभाऊंना ज्यांनी एवढे ओढून घेतले, ते लेखक आपण वाचले आहेत का?"

'रशियाचा आणि आपला काय संबंध?' असे विचारणारेही होतेच. इतिहासाची शिक्षिका या नात्याने मी त्यांना अफनासी निकितिनची आठवण करून दिली. त्वेर शहराचा हा व्यापारी पंधराव्या शतकात समुद्रमार्गे आपल्याच रायगड जिल्ह्यातील चौलला उतरला आणि तेथून जुन्नरमार्गे बिदरपर्यंत गेला. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. त्याने जी टिपणे लिहून ठेवली, त्यांत या देशातील लोक परस्परांबरोबर खात-पीत नाहीत आणि परस्परांत विवाहही करीत नाहीत, याची त्याने नोंद केलेली आहे. वास्को द गामा येण्याच्या कितीतरी आधी एका रशियन माणसाच्या डोळ्यांना आपल्या समाजाचे हे वैगुण्य चटकन दिसले होते. तेव्हा आता आपण त्यांच्या समाजाकडे डोळे उघडून पाहण्यास काय हरकत आहे?

रशियन साहित्य वाचताना आम्ही एक कसोटी मनाशी धरली. रशियात १८६१ पर्यंत भूदासपद्धती होती. जमिनीबरोबर माणसेही विकली जात, त्यांची गणती मालमत्तेत होई. गोगोलच्या 'मृत आत्मे' या कादंबरीचा नायक तर मेलेल्या भूदासांची नावे विकत घेत गावोगाव हिंडतो. या भूदासांविषयी तुर्गेनेव्हने लिहिले, टॉलस्टॉयने लिहिले, आणि अत्यंत करुणेने लिहिले. परंतु हे दोघेही जमीनदार होते. दलित साहित्याने आपल्याला सहानुभूती आणि स्वानुभूती यांतील भेद शिकविला आहे. त्यामुळे प्रत्येक पुस्तक उघडताना आम्ही विचारतो, लिहिणारा कोठे उभा राहून लिहितो आहे? आणि ज्याच्याविषयी लिहिले आहे, तो माणूस त्या पुस्तकात बोलतो की नुसताच रडतो?

या कसोटीने सर्वप्रथम आम्ही टॉलस्टॉयचा 'कबुलीजबाब' वाचला. जगण्याचा अर्थ शोधताना टॉलस्टॉय त्यात शाक्यमुनींची कथा सांगतो. वृद्ध, आजारी आणि मृत मनुष्य पाहून राजपुत्राचे मन उद्विग्न झाले, ही ती परिचित कथा. ती वाचताच आमचे सर्व सभासद ताठ बसले. कारण बाबासाहेबांनी हीच कथा तर्काला न पटणारी म्हणून नाकारली आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारपण, आजार आणि मरण पाहिलेच नाही, हे कसे संभवते? बाबासाहेबांच्या ग्रंथात सिद्धार्थ गौतम गृहत्याग करतो तो रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेल्या वादामुळे. एकाच महामानवाच्या जीवनाचे दोन अर्थ आम्हांला त्या दिवशी शेजारी शेजारी ठेवता आले. टॉलस्टॉयचे दुःख हे एका माणसाच्या मनाचे दुःख होते, तर बाबासाहेबांना दिसलेले दुःख समाजाच्या व्यवहारातले होते. टॉलस्टॉयविषयीचा आदर त्यामुळे उणावला नाही, पण आपण कोठे उभे आहोत ते अधिक स्पष्ट झाले.

त्यानंतर चेखॉव्हची 'वॉर्ड नंबर सहा' ही दीर्घकथा वाचली. चेखॉव्हचे आजोबा भूदास होते आणि त्यांनी पैसे भरून स्वतःची व कुटुंबाची सुटका करून घेतली होती, हे कळल्यावर सगळ्यांनी ती कथा अधिक जवळून वाचली. त्या कथेतील डॉक्टर रुग्णाला सांगतो, की खरे समाधान माणसाच्या आतच असते, ऊबदार अभ्यासिका आणि हा वॉर्ड यांत फरक नाही. पुढे त्याच वॉर्डात त्यालाच कोंडले जाते आणि पहारेकऱ्याचा मार खावा लागतो. आमच्या परिचारिका ताई म्हणाल्या, "सोसा, असे दुसऱ्याला सांगणाऱ्याने आधी एक रात्र त्या खाटेवर काढावी." मला वाटते, त्या कथेवरील याहून नेमके भाष्य मी कोठे वाचलेले नाही.

आता पुढचे पुस्तक निवडायचे होते आणि तीन सूचना आल्या. काकांनी गॉर्कीची 'आई' सुचविली. नवऱ्याचा मार खात जगलेली एक कामगार स्त्री उतारवयात चोरून अक्षरे गिरविते आणि अखेरीस मुलाच्या लढ्यातील पत्रके स्वतः वाटू लागते, ही कथा त्यांनी युनियनच्या दिवसांत वाचली होती. कायद्याच्या विद्यार्थिनीने टॉलस्टॉयची 'पुनरुत्थान' ही कादंबरी सुचविली. न्यायासनाजवळ बसलेल्या प्रतिष्ठित माणसाला समोरच्या पिंजऱ्यात आपणच एकेकाळी फसविलेली मुलगी दिसते, हा प्रसंग प्रत्येक वकिलाने वाचावा, असे तिचे म्हणणे. दोन्ही सूचना मोलाच्या होत्या. मी मात्र तिसरे नाव पुढे केले. ते होते चिंगिझ ऐत्मातोव याच्या 'पहिला शिक्षक' या छोट्या कादंबरीचे. भीष्म साहनी यांनी 'पहला अध्यापक' या नावाने केलेला तिचा हिंदी अनुवाद आमच्यापैकी सर्वांना वाचता येण्याजोगा आहे.

काटेकोरपणे पाहता ऐत्मातोव हा रशियन नव्हे. तो किर्गिझ, म्हणजे साम्राज्याच्या कडेला डोंगर-कुरणांत राहणाऱ्या पशुपालक लोकांपैकी. आपल्या मातृभाषेत आणि रशियनमध्ये, अशा दोन्ही भाषांत त्याने लिहिले आणि रशियनमधून तो जगभर पोहोचला. साहित्याच्या मुख्य दालनाबाहेरून आत आलेला लेखक म्हणूनही मला तो आपला वाटतो.

कथा साधी आहे. १९२४ सालचे एक आडगाव. जेमतेम अक्षरओळख असलेला दुइशेन नावाचा तरुण गावात येतो आणि शाळा काढायची म्हणतो. गावकरी हसतात. शेतकऱ्याच्या पोरांना अक्षरे कशाला, असे विचारतात. तो एका धनिकाचा पडका तबेला एकट्याने साफ करतो, जमिनीवर पेंढा अंथरतो आणि मुलांना बसवितो. थंडीत ओढ्याचे पाणी बर्फासारखे होते, तेव्हा लहानग्यांना पाठीवर आणि कडेवर घेऊन तो पलीकडे नेतो, आणि घोड्यांवरून जाणारे श्रीमंत त्याची टिंगल करतात. त्या मुलांत अल्तिनाय नावाची एक पोरकी मुलगी असते. तिची काकू पैशासाठी तिला एका प्रौढाच्या गळ्यात दुसरी बायको म्हणून बांधते. दुइशेन मार खातो, हात मोडून घेतो, परंतु तिला सोडवून आणतो आणि शहरात शिकायला पाठवितो. पुढे ती मोठी विदुषी होते. कितीतरी वर्षांनी त्याच गावात नवी शाळा उभी राहते, उद्‌घाटनाला अल्तिनाय सन्माननीय पाहुणी म्हणून येते. मेजवानी चालू असताना म्हातारा दुइशेन घोड्यावरून अभिनंदनाच्या तारा घेऊन येतो. तो आता गावचा पोस्टमन आहे. त्याला स्वतःलाच धड वाचता येत नसताना तो कसा शिकवीत असे, हे आठवून पाहुणे हसतात, आणि तो उरलेला टपाल वाटायला निघून जातो.

आमच्या संगणक अभियंत्याने रास्त शंका काढली. "मॅडम, या शाळेच्या भिंतीवर लेनिनचे चित्र आहे. बाबासाहेबांनी तर आपल्याला या मार्गापासून सावध केले आहे." त्याचे म्हणणे खरे होते. २० नोव्हेंबर १९५६ रोजी, महापरिनिर्वाणापूर्वी अवघे सोळा दिवस, बाबासाहेबांनी काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. याच विषयावरील आपल्या निबंधात त्यांनी रशियन क्रांतीचे समतेच्या ध्येयासाठी स्वागत केले, परंतु समतेसाठी स्वातंत्र्य आणि बंधुता यांचा बळी देता येणार नाही, हेही बजावले. हुकूमशाही आणि हिंसा त्यांना मान्य नव्हती.

परंतु ऐत्मातोवला ही किंमत आपल्यापैकी कोणापेक्षाही अधिक ठाऊक होती. त्याचे वडील तोरेकुल हे पक्षाचेच पदाधिकारी. स्टालिनच्या राजवटीत १९३७ साली त्यांना अटक झाली आणि १९३८ मध्ये गोळी घालण्यात आली. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्यांचे अवशेष सापडले ते थेट १९९१ मध्ये, एका सामूहिक कबरीत. म्हणजे १९६२ साली 'पहिला शिक्षक' प्रसिद्ध झाली, तेव्हा आपल्या बापाला कोठे पुरले हेही या लेखकाला माहीत नव्हते. तरीही त्याने दुइशेनचे चित्र प्रेमाने रेखाटले. मी त्याचा अर्थ असा लावते, की माणसाला माणूस म्हणून उभे करणारा शिक्षक आणि त्याच्या नावावर स्वतःचा गौरव करून घेणारी सत्ता, या दोहोंत त्याने फरक केला. लेनिनचे चित्र आहे तेथे राहू द्यावे, आपण त्याखाली बसलेल्या मुलांकडे पाहावे, असे मी म्हणाले. अभियंत्याचे पूर्ण समाधान झाले नाही. बाबासाहेबांचा निबंध आणि ही कादंबरी एकाच बैठकीत सोबत वाचावी, ही त्याची अट सर्वांनी मान्य केली.

आणखी एक योगायोग मी मंडळापुढे ठेवला. दुइशेन ज्या वर्षी तबेला झाडत होता, त्याच १९२४ साली, २० जुलै रोजी मुंबईत बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, आणि जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला सभेचे वसतिगृह सुरू झाले. एक कादंबरीतील गोष्ट, दुसरी इतिहासातील. पण दोन्हीकडे प्रश्न एकच होता. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवल्या गेल्या, त्यांच्या मुलांना ओढा कोणी पार करून द्यायचा? शाळेचे दार उघडे असणे पुरेसे नसते. राहायला छप्पर, खायला भाकरी आणि हात धरणारे माणूस लागते, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. आपल्या निवासी विद्यालयाचे मूळ तेथे आहे.

म्हणूनच या स्मरणिकेसाठी मला हा विषय योग्य वाटला. कादंबरीत अल्तिनायला त्या सोहळ्यात बसवेना, कारण मानाची जागा आपल्याला मिळाली आणि ज्याने घडविले तो दाराबाहेरून गेला, हे तिला उमगले. ती पत्र लिहून कळविते, की नव्या शाळेला दुइशेनचे नाव द्यावे. आपल्या चळवळीतल्या शाळा-वसतिगृहांच्या इतिहासातही असे दुइशेन पुष्कळ होऊन गेले. मूठमूठ धान्य गोळा करणारे, पत्र्याच्या खोलीत पहिला वर्ग भरविणारे, तापलेल्या मुलाच्या उशाशी रात्र काढणारे अधीक्षक, शंभर पोरांच्या भाकऱ्या थापणाऱ्या मावश्या. त्यांतील कित्येकांना स्वतःला सही करण्यापलीकडे लिहिता येत नसे. अहवालांत त्यांची नावे आढळत नाहीत, आणि इतिहासाची अभ्यासक म्हणून मी सांगते, की जे लिहून ठेवले जात नाही ते दोन पिढ्यांत पुसले जाते.

मतदान झाले. 'पहिला शिक्षक' निवडली गेली, आणि 'आई' त्यानंतर घ्यायचे ठरले, म्हणून काकाही प्रसन्न झाले. पुस्तकाबरोबर आम्ही एक काम ठरविले आहे. प्रत्येक सभासदाने आपल्या घराण्यात पहिले अक्षर कोणी शिकविले, शाळेच्या दारापर्यंत कोणी नेले, त्या माणसाचे नाव-गाव विचारून लिहून आणायचे. काकांनी त्यासाठी गावी आपल्या थोरल्या बहिणीला फोन लावला, आणि तिने पहिले नाव सांगितले ते कोणा गुरुजींचे नव्हे, तर मुलांना ओढ्यापलीकडच्या शाळेत पोहोचविणाऱ्या एका म्हाताऱ्या शेतमजूर बाईचे.

विद्यार्थी मित्रांनो, हे काम तुम्हीही करावे, अशी माझी विनंती आहे. आपल्या विद्यालयाच्या पहिल्या वर्षी येथे कोण कोण राबले, ते ज्येष्ठांना आजच विचारा आणि वहीत उतरवून ग्रंथालयात ठेवा. पुढील स्मरणिका निघेल, तेव्हा ती वही उपयोगी पडेल.

जय भीम! नमो बुद्धाय!