ती राजकन्या मरत नाही

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा आमची चौथी केमोथेरपी नुकतीच पार पडली होती. मोठ्या आतड्याचा कर्करोग आहे, हे आता लपविण्याचे कारण नाही. शौचावाटे रक्त जात असताना आठ महिने आम्ही मूळव्याध समजून मलम लावीत बसलो. इतिहासाच्या शिक्षकाने पुराव्याकडे असे दुर्लक्ष करावे, याची खंत वाटते.

दर २१ दिवसांनी आम्ही बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात जातो. ग्रामीण भागातील कर्करुग्णांची देशातील पहिली नोंदणी १९८७ साली याच बार्शीत सुरू झाली. गावोगाव फिरून नोंदी ठेवणाऱ्या कार्यकर्त्यांनी लोकांना लक्षणे समजावून सांगितली, वेळेत तपासणीस यावयास शिकविले. खेड्यातील निरक्षर माउलींना जे उमगले, ते एम. ए. झालेल्या आम्हाला शुक्रवार पेठेत राहून उमगले नाही.

उपचारानंतरचे चार दिवस अन्नाचा वास सोसवत नाही. थंड पाण्याला हात लागला की बोटांत सुया टोचतात. पाचव्या दिवशी सहचारिणी कडक भाकरी कोमट वरणात कुस्करून देते आणि ताटाच्या कडेला चिमूटभर शेंगाचटणी ठेवते. त्या चवीसरशी बालपण परत येते. गिरणीचा भोंगा, वडिलांच्या सदऱ्याला चिकटलेले कापसाचे तंतू, शेजारच्या मागांचा खटखटाट आणि मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी आई.

समोरच्या भिंतीवर मुलीने अजिंठ्याचे एक चित्र लावले आहे. वाकाटक नृपती हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरविलेल्या सोळाव्या लेण्यातील ते चित्र 'मरणोन्मुख राजकन्या' म्हणून प्रसिद्ध आहे. अनेक वर्षांपूर्वी विद्यालयाच्या सहलीत एका विद्यार्थ्याने विचारले होते, "गुरुजी, ती मरणार का?" गाडीची वेळ झाली होती. आम्ही "हो" म्हणालो आणि पुढे निघालो.

ते उत्तर चुकीचे होते. अभ्यासकांच्या मते ती सुंदरी, बुद्धांचा सावत्र भाऊ नंद याची पत्नी. पती संघात गेल्याचे कळताच ती मूर्च्छित झाली आहे. आता तासन्‌तास पाहताना ध्यानात येते की, चित्रकाराने तिला एकटी सोडलेली नाही. एक दासी पाठीमागून सावरते, एक वारा घालते. आमच्याही पाठीशी उशी सरकविणारे, पंखा लावणारे हात आहेतच.

बाबासाहेबांचे शरीर मधुमेहाने व संधिवाताने पोखरले होते, तरी त्या वर्षांत ते व्हायोलिन शिकले, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ लिहून पुरा केला. तो ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. आमचे काम त्यामानाने फारच लहान. दोन फेऱ्या शिल्लक आहेत. त्यानंतर पुन्हा वर्गावर जायचे आहे.

प्रश्न विचारणारा तो विद्यार्थी आज कोठे आहे, ठाऊक नाही. ही स्मरणिका त्याच्या हाती पडली, तर एवढे वाचावे: बाळा, आम्ही घाईत उत्तर दिले. ती मरत नाही. आणि तुम्हा सर्वांना विनंती, शरीर काही सांगत असेल, तर आमच्यासारखे आठ महिने घालवू नका.

नमो बुद्धाय, जयभीम.