क्लिप लागली, पुढे?

३ डिसेंबर
जुन्नरकडच्या काकूंचं ऑपरेशन पहाटे उरकलं. मेंदूतल्या रक्तवाहिनीवरचा फुगा फुटला होता; कवटी उघडून फुग्याच्या मानेला टायटॅनियमची क्लिप लावली. इतकी घाई का, असं मुलाने विचारलं. फुटलेला फुगा पुन्हा फुटण्याची भीती पहिल्या चोवीस तासांत सर्वांत जास्त, आणि दुसऱ्या वेळी माणूस हाती लागणं कठीण. "म्हणजे आता आई सुटली ना, सिस्टर?" फुगा बंद झालाय, एवढंच मी म्हणाले.

५ डिसेंबर
धमन्या आकसून मेंदूला इजा होऊ नये म्हणून नायमोडिपिन ६० मिलिग्रॅम, दर चार तासांनी, एकवीस दिवस. गोळी कुटून नाकातून पोटात जाणाऱ्या राइल्स ट्यूबमधून द्यायची, आधी बीपी बघायचं. रात्री दोनचा डोस मी कुणावर सोपवत नाही.

मुलगा म्हणतो, मांडीतून तार घालून फुग्यात कॉइल का नाही भरली? त्याने चांगलं वाचलंय. २००२ साली आलेल्या आयसॅट अभ्यासात २,१४३ रुग्ण होते. वर्षभरात दगावलेले किंवा परावलंबी झालेले कॉइलच्या गटात २३.७ टक्के, क्लिपच्या गटात ३०.६. पण त्यात दोन्ही उपाय चालतील असेच रुग्ण घेतले होते. काकूंचा फुगा उजव्या मिडल सेरेब्रल धमनीच्या फाट्यावर, मान रुंद. इथे क्लिपच योग्य होती, असं माझंही मत.

९ डिसेंबर
सकाळी सातला म्हटलं, "काकू, डोळे मिटा, दोन्ही हात पुढे धरा." उजवा तसाच राहिला. डावा हळूहळू खाली आला आणि तळवा आत वळला. काल असं नव्हतं. लगेच डॉक्टरांना बोलावलं. सीटीत नवं रक्त नाही, सोडियम ठीक. म्हणजे धमन्या आकसल्या. चौथ्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत हेच भय असतं. मेंदूला रक्त पोचावं म्हणून औषधाने बीपी मुद्दाम चढवलं. संध्याकाळी डावा हात टिकला. मला तिथेच रडू आलं.

१४ डिसेंबर
काकू सारख्या झोपेत. मेंदूत पाणी साचलंय. ते बाहेर काढायला रात्री डोक्यात नळी घातली.

२० डिसेंबर
नळी निघाली. कायमची नळी, म्हणजे शंट, लागला नाही.

२४ डिसेंबर
घरी सोडलं. कार्डावर लिहिलंय, 'शस्त्रक्रिया यशस्वी'. काकू चालतात, जेवतात. पण द्राक्षांची छाटणी झाली का, हे मुलाला पुन्हा पुन्हा विचारतात आणि दहा मिनिटं बोलून थकतात. हे महिनोन्‌महिने चालतं, कधी कायमचं राहतं. तो आळस नव्हे, हे घरच्यांना बसवून सांगितलं.

निघताना मुलगा म्हणाला, फुगा फुटायच्या पंधरवडाभर आधीही डोकं असंच एकदम दुखलं होतं, तेव्हा पित्ताची गोळी घेतली. मोठ्या स्रावाआधीची ती छोटी गळती असू शकते. म्हणून भेटेल त्याला सांगते: क्षणात डोकं असह्य दुखलं, आयुष्यात कधी दुखलं नव्हतं असं, तर बाम लावून झोपू नका. सीटी स्कॅन होईल अशा रुग्णालयात त्याच तासाला निघा.